नवा कमोड घेण्याआधी घरचा संडास मोजा

वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली इथल्या जुन्या घरांत संडास बदलायची वेळ साधारण तीन कारणांनी येते. घरातल्या आजी-आजोबांना खाली बसून उठणं जमेनासं होतं, भांड्याला तडा जातो, किंवा खालच्या मजल्यावरचे शेजारी हाताला धरून त्यांच्या छतावरची ओल दाखवतात. मग रविवारी सगळं घर सॅनिटरीच्या दुकानात जातं, मांडलेल्या कमोडांमधून एक पसंत करतं, पैसे भरून येतं आणि सोमवारी प्लंबर शोधायला लागतं. प्लंबर येऊन मोजतो तेव्हा कळतं, की घेतलेला कमोड जुन्या पाइपावर बसतच नाही. आता एक तर दुकानदाराची मनधरणी करायची, नाहीतर चांगली जमीन फोडायची. हा क्रम उलटा करा, एवढंच मला सांगायचं आहे. आधी घरचा संडास मोजा, त्याच्या खालून आणि मागून जाणारा पाइप समजून घ्या, मग दुकानात जा. रंग, आकार, ब्रँड हे सगळं त्यानंतर.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. पुढच्या दोन-तीन दशकांत वाशीपासून एकेक नोड, म्हणजे वसाहत, उभा राहिला. त्या काळातल्या अनेक लहान घरांत संडास आणि न्हाणीघर वेगळं ठेवलेलं दिसतं. सकाळच्या घाईत एक जण अंघोळीला, एक जण संडासात, अशी ती सोय, आणि चार-पाच माणसांच्या घरात ती आजही उपयोगी आहे. पण त्यामुळे संडासाच्या वाट्याला जागा आली ती जेमतेम तीन फूट रुंद आणि चार फूट लांब. त्यात इंडियन भांडं, वर भिंतीला टाकी. भांडं बसावं म्हणून तिथला स्लॅब खाली घेतलेला, त्या खोलगट जागेत विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला आणि ट्रॅप नि आडवा पाइप त्या भरावात गाडलेला. हा आडवा पाइप पुढे डक्टमधल्या उभ्या पाइपाला मिळतो. जुन्या इमारतींत हा उभा पाइप बिडाचा असतो. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी प्लंबिंगचा खर्च वाचावा म्हणून शेजारच्या घरांचे संडास जोडीजोडीनं ठेवले होते. अशा घरात तुम्ही तुमच्या बाजूनं भिंत फोडली तर शेजाऱ्याच्या पाइपालाही धक्का लागू शकतो. म्हणून आपल्या घराची मूळ रचना काय होती, हे जुन्या रहिवाशांना विचारून घेणं हे पहिलं काम.

आता मोजपट्टी घ्या. मैला बाहेर जाण्याचा मार्ग जमिनीतून आहे की मागच्या भिंतीतून, हे आधी पाहा. जमिनीतून जात असेल तर एस-ट्रॅपचा कमोड लागतो, भिंतीतून जात असेल तर पी-ट्रॅपचा. एस-ट्रॅप असेल तर मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाजारातले बहुतेक कमोड ४, ९ किंवा १२ इंचांच्या अंतराला, म्हणजे सुमारे १००, २२५ किंवा ३०० मिलिमीटरला बसतील असे बनतात. पी-ट्रॅप असेल तर जमिनीपासून भिंतीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. जमिनीवर बसणाऱ्या कमोडला ती साधारण १८० मिलिमीटर लागते. दोन्ही मापं टाइलच्या पृष्ठभागापासून घ्यायची असतात, आणि इथेच घोटाळा होतो. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचा बेत असेल तर जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, भिंत तेवढीच पुढे येते. मग आज घेतलेलं माप काम संपेपर्यंत चुकीचं ठरतं. नव्या टाइलची आणि तिच्या खालच्या थराची जाडी आधीच वजा करून कागदावर लिहा.

त्याच कागदावर आणखी तीन मापं हवीत: संडासाची रुंदी, लांबी आणि दाराची झडप. बसणाऱ्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंती किमान १५ इंचांवर असाव्यात, नाहीतर कोपर घासतात. तीन फुटी संडासात हे सहज जमतं. खरी अडचण लांबीची. कमोडच्या पुढच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत किमान २१ इंच मोकळे हवेत. चार फुटांच्या, म्हणजे ४८ इंचांच्या संडासात त्यामुळे कमोडला उरतात २७ इंच, सुमारे ६८ सेंटिमीटर. टाकीसकट एकसंध आलेले बरेच कमोड याहून लांब असतात. शोरूमच्या मोठ्या जागेत हे डोळ्यांना कळत नाही. घरी आणल्यावर गुडघे दाराला टेकतात. दार आत उघडणारं असेल तर ते अर्ध्यातच कमोडला अडतं. अशा वेळी दार बाहेर उघडणारं करून घ्या. घरात म्हातारं माणूस असेल तर हा बदल कमोडपेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण आत कोणी तोल जाऊन पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्यांना मदत करता येत नाही.

इंडियन भांडं काढून कमोड बसवणाऱ्यांनी एक गोष्ट प्लंबरकडून स्वच्छ शब्दांत कबूल करून घ्यावी. कमोडच्या पोटातच वळण असतं आणि त्यात पाणी साठून राहतं. तेच पाणी गटाराचा वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही. इंडियन भांड्याला मात्र असं वळण पोटात नसतं, त्याच्या खाली वेगळा ट्रॅप बसवलेला असतो. काम लवकर उरकावं म्हणून काही जण फक्त भांडं काढतात, जुना ट्रॅप जमिनीत तसाच ठेवतात आणि त्यावरच कमोड जोडून देतात. मग एकापाठोपाठ दोन वळणं होतात, मधली हवा कोंडते, फ्लश केल्यावर पाणी वर चढतं, हळूहळू उतरतं आणि पुन्हापुन्हा तुंबतं. घरचे कमोडला दोष देतात, टाकी बदलतात, तरी फरक पडत नाही. जुना ट्रॅप निघालाच पाहिजे. त्यासाठी कोबा फोडावा लागतो, वॉटरप्रूफिंग नव्यानं करावं लागतं आणि खर्च वाढतो. बहुतेक जुन्या घरांत कमोडच्या किमतीपेक्षा हे फोडकाम, भराव आणि वॉटरप्रूफिंग जास्त पैसे खातं. अंदाजपत्रक करताना हा आकडा आधी धरा. उरलेल्या पैशांत कोणता कमोड येतो ते मग पाहा.

इमारत किती वर्षं उभी राहणार, हा प्रश्न नवी मुंबईत प्रत्येकानं स्वतःला विचारायला हवा. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न सगळ्या शहराला माहीत आहे, आणि इतर नोडांतल्या कितीतरी सोसायट्याही त्याच वाटेवर आहेत. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. तिच्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती करता येईल अशी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल सोसायटीच्या कार्यालयात मागून वाचा. पुनर्विकासाची बोलणी पुढे सरकली असतील तर भिंतीत दडवलेल्या टाकीचा महागडा कमोड बसवून काहीच मिळणार नाही. साधा, जमिनीवरचा, स्क्रूनं बसणारा कमोड घ्या; घर सोडताना तो काढूनही नेता येतो. आणि सोसायटी येत्या वर्षभरात डक्टमधले उभे पाइप बदलणार असेल तर शक्य असल्यास तोवर थांबा. दोन्ही कामं एकदम झाली तर जोड एकदाच फोडावा लागतो, आणि नव्या पाइपाला योग्य उंचीवर फाटा काढून घेता येतो.

आता माणसांकडे वळू. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी कमोडची उंची हा सर्वांत मोठा निकष आहे, आणि दुकानात त्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं. सर्वसाधारण कमोड सीटसकट १६ इंचांच्या आसपास असतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना, कंबरेचा त्रास असलेल्यांना १७ ते १९ इंच उंचीचा बरा पडतो. आपल्या घरासाठी नेमकी उंची काढायची सोपी रीत अशी: घरातल्या ज्या खुर्चीवरून आजी हाताचा आधार न घेता उठतात, तिच्या बैठकीची उंची मोजा. कमोड सीटसकट तेवढा हवा. मात्र बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. बुटक्या बांध्याच्या माणसाला फार उंच कमोडही त्रासाचाच. लहान मुलांसाठी पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल ठेवलं की काम भागतं. बाजूच्या भिंतीला आधाराची दांडी बसवणार असाल तर ती टाइल लावण्याआधी ठरवा, कारण पोकळ भिंतीत किंवा सुटलेल्या गिलाव्यात बसवलेली दांडी ऐन वेळी हातात येते, आणि तिच्या भरवशावर उठणारं माणूस तिच्यासकट पडतं.

घरात दोन संडास असतील तर एक इंडियन राहू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. उकिडवं बसणं ज्यांना जमतं त्यांना ते सोयीचं असतं, पाहुण्यांत ती सवय असलेले असतात, आणि पाणी कमी असताना इंडियन भांडं एका बादलीत साफ होतं. एकच संडास असेल आणि घरात साठीच्या पुढचं कोणी असेल, तर मात्र विचार करत बसू नका, कमोड घ्या. अँग्लो-इंडियन नावाचा, वर पाय ठेवून उकिडवं बसता येईल असा मधला प्रकार दुकानात अजून मिळतो. म्हातारं माणूस त्यावर चढलं तर घसरण्याची भीती असते, म्हणून मी तो कोणाला सुचवत नाही.

कमोडचे प्रकार बरेच दिसत असले तरी निवड फार मोठी नाही. जमिनीवर बसणारा आणि टाकी वेगळी भिंतीला लावलेली, हा सर्वांत साधा प्रकार. टाकी कमोडच्याच पाठीवर बसवलेली, हा दुसरा. टाकी आणि कमोड एकाच मातीत घडवलेला सिंगल पीस, हा तिसरा. कमोड भिंतीला टांगलेला आणि टाकी भिंतीच्या आत, हा चौथा. चौथा प्रकार दिसायला सुंदर, खालची जमीन पुसायला सोपी, आणि उंची हवी तशी ठेवता येते हा त्याचा खरा फायदा. पण संडासाच्या मधल्या भिंती बऱ्याच इमारतींत साडेचार इंची विटांच्या असतात. अशा भिंतीवर माणसाचं वजन टांगता येत नाही. त्यासाठी जमिनीला आणि भिंतीला घट्ट धरणारी लोखंडी चौकट हवी, आणि चौकट आली की संडासाची लांबी आणखी कमी होते. शिवाय आतली टाकी पाझरायला लागली तर ओल दिसेपर्यंत ती कळत नाही. खारघर, उलवेच्या नव्या टॉवरांत, जिथे बिल्डरनंच तशी जागा सोडलेली आहे, तिथे भिंतीवरचा कमोड खुशाल घ्या. फक्त फ्लशच्या पट्टीतून हात घालून आतले सगळे भाग बदलता येतात ना, आणि त्या कंपनीचे सुटे भाग इथे मिळतात ना, हे आधी विचारा. जुन्या सिडको घरात मात्र पहिल्या तीनपैकी एक. जागा तोकडी असेल तर पहिला, कारण टाकी वर सरकवून कमोड मागे घेता येतो, आणि टाकी बिघडली तर ती एकटीच बदलता येते.

टाकीऐवजी थेट पाइपावर बसणारा फ्लश व्हॉल्व्ह काही घरांत दिसतो. त्याला जाड पाइप आणि चांगला दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो दाब मिळत नाही, तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये.

पाणी किती लागतं यावर जरा थांबून बोलायला हवं. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे, म्हणून वाशी-नेरूळकरांना पाण्याची चिंता इतर शहरांइतकी पडत नाही. खारघर, उलवेकडच्या घरांना मात्र पाणीकपात आणि टँकर दोन्ही परिचयाचे आहेत. आपल्याकडे शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरलं जातं, आणि राष्ट्रीय इमारत संहितेनं त्यातले ४५ लिटर केवळ फ्लशसाठी मोजले आहेत. पूर्ण एक तृतीयांश! जुनी टाकी एका ओढीत १० लिटर सोडते. तिच्याही आधीच्या काही टाक्या साडेबारा लिटरच्या होत्या. आता दोन बटणांची टाकी घ्या: मोठ्याला ६ लिटर, लहानाला ३. चार माणसांच्या घरात प्रत्येक जण दिवसातून पाच वेळा फ्लश करतो असं धरलं, तर जुन्या टाकीला रोज २०० लिटर लागतात. नव्या टाकीवर एकदा मोठं आणि चार वेळा लहान बटण दाबलं तर माणशी १८ लिटर, म्हणजे घराला ७२. रोजचे १२८ लिटर वाचले, वर्षाला ४६ हजार लिटरांहून जास्त. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत पन्नास घरांनी हे केलं तर फरक बिलात दिसेल. फक्त घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, कोणतं बटण कशासाठी हे दाखवून द्या.

पण पाणी कमी म्हणजे कमोड चांगला असं समजू नका. कमी पाण्यात मैला पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर दोनदा फ्लश करावा लागतो आणि बचत वाया जाते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं एका फ्लशला सहा लिटरांची मर्यादा घातली, तेव्हा सुरुवातीच्या अनेक कमोडांविषयी लोकांनी हीच तक्रार केली. पुढे उत्तर अमेरिकेत सोयाबीनच्या लगद्याचे गोळे टाकून किती ग्रॅम एका फ्लशमध्ये जातात, हे मोजायची चाचणी रूढ झाली आणि कंपन्यांनी आतल्या वळणाचे आकार सुधारले. आपल्याकडे दुकानात हा आकडा बहुधा लिहिलेला दिसत नाही. त्यामुळे पाणी जोडलेला नमुना असलेलं दुकान शोधा आणि फ्लश करून दाखवायला सांगा. पाणी कडेनं सगळीकडे फिरतं का, भांड्याच्या दोन्ही बाजू ओल्या होतात का, हे पाहा. पाणी जोरात वरून ढकलून साफ करणारी वॉशडाउन पद्धत आणि पाणी ओढून घेणारी सायफन पद्धत यांत माझी पसंती वॉशडाउनला. तिचा मार्ग सरळ आणि रुंद असतो, पी-ट्रॅप घरांत ती सहज बसते, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी एक बादली जोरात ओतली की ती साफ होते. सायफनचा कमोड शांत चालतो, त्यात पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्यानं डाग कमी पडतात, पण त्याचं वळण चिंचोळं असतं. मुलं आत काय टाकतील याचा नेम नाही.

जुना आडवा पाइप लांब असेल, त्याला उतार कमी असेल, तर अगदी कमी पाण्याचा कमोड तिथे घेऊ नका. मैला भांड्यातून जातो आणि पाइपात अडकतो. मीटरमागे दोन सेंटिमीटरांच्या आसपास उतार असावा. जमीन फोडलेलीच आहे तर त्याच दिवशी प्लंबरसमोर पट्टी आणि लेव्हल लावून हे तपासा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: वरच्या मजल्यांचा उभा पाइप आणि तुमचा कमोड एकाच जोडावर आहेत का? असतील तर खाली चेंबर तुंबला की सगळ्या इमारतीचं पाणी तुमच्या संडासात वर येतं. तळमजल्याचा पाइप थेट चेंबरला वेगळा न्यावा. त्यासाठी सोसायटीशी बोलावं लागेल, पण ते बोलणं टाळू नका.

दुकानात गेल्यावर काय बघायचं? मोजमापांचा कागद दुकानदारापुढे ठेवा आणि कमोडचं मापांसकट चित्र असलेलं पत्रक मागा. चांगल्या कंपन्या ते देतात. भांडं व्हिट्रिअस चायनाचं असावं, त्यावर आयएस २५५६ चा उल्लेख शोधा. प्लास्टिकची नसलेल्या टाकीसाठी आयएस ७७४ हे मानक आहे. चांगल्या भाजणीची ही माती पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून तिला वास धरत नाही. कमोडच्या तळाच्या भोकातून बोट आत घालून वळणाच्या आतही झिलई आहे का ते चाचपा. बाहेरून चकाकणारे काही स्वस्त कमोड आतून खरखरीत असतात आणि तिथेच घाण धरते. सपाट फरशीवर ठेवून डोलतो का बघा. नाण्यानं हलकेच वाजवा. भांडं खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी केसाएवढी चीर असू शकते. सीटची दोन भोकं नेहमीच्या अंतरावर आहेत ना हेही बघा, कारण सीट पाच-सात वर्षांत बदलावी लागते आणि वेगळ्या आकाराची सीट पुढे मिळत नाही. हमीपत्र वाचताना भांड्याची हमी किती आणि टाकीतल्या भागांची किती, हे वेगवेगळं पाहा. दहा वर्षांचा मोठा आकडा बहुधा भांड्याचाच असतो, आणि बिघडतात ते टाकीतले भाग.

रंग पांढराच घ्या. रंगीत भांड्यावर बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे-पिवळे थर उठून दिसतात, शिवाय पाच वर्षांनी त्या रंगाची सीट मिळत नाही.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा. त्यांच्या छताचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा. आधीची ओल कोणती आणि नवी कोणती, यावरून पुढे वाद होत नाहीत. आदर्श उपविधींप्रमाणे तुमच्या संडासातून होणारी गळती दुरुस्त करणं ही तुमची, सदस्याची, जबाबदारी आहे. डक्टमधला सामायिक उभा पाइप सोसायटीचा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावण्याआधी, त्या खोलगट जागेत पाणी भरा आणि ४८ तास तसंच ठेवा. मिस्त्री म्हणेल, गरज नाही, आम्ही रोज करतो. तरी ठेवा. दोन दिवस रोज खाली जाऊन छत पाहा. एकच संडास असलेल्या घराला हे दोन-तीन दिवस अवघड जातात, तेव्हा शेजाऱ्यांशी किंवा जवळच्या नातेवाइकांशी आधी बोलून ठेवा, पण ही चाचणी गाळू नका. त्या ४८ तासांत जे कळतं ते टाइल लागल्यावर कळायला दोन पावसाळे जातात, आणि तोवर खालच्यांच्या छताच्या सळया गंजलेल्या असतात.

कमोड सिमेंटमध्ये रोवून बसवायची जुनी पद्धत अजून चालते. ती नाकारा. जमिनीला स्क्रू, पाइपाला रबराचा पॅन कनेक्टर, आणि कडेनं सिलिकॉन, अशी बैठक करून घ्या. पुढे काही निघालं तर कमोड न फुटता काढता येतो. सिलिकॉन पुढून आणि बाजूंनी लावायला सांगा, मागे मात्र दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवा. आतला जोड पाझरला तर पाणी त्या फटीतून बाहेर येऊन तुम्हाला दिसेल. सगळीकडून बंद केलं तर ते पाणी खालच्या घराची वाट धरेल.

बसवून झाल्यावर टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं, पाणी सोडणारं झाकण गळतं आहे. प्लंबरचे उरलेले पैसे द्यायच्या आधी ते बदलून घ्या. साफसफाईसाठी तीव्र अॅसिड वारंवार ओतू नका, ते सांध्यातलं सिमेंट आणि धातूचे भाग खातं. आणि अॅसिड नि ब्लीचिंग एकत्र कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद दाराच्या तीन-चार फुटी खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

राहिला जुना संडास. टाकीचे पितळी भाग, बिडाचा तुकडा भंगारवाला घेईल. भांडं आणि फोडलेला कोबा कोणी घेत नाही. तो रात्री टेम्पोतून खाडीकाठच्या खारफुटीत किंवा रस्त्याकडेला नेऊन टाकला जातो. अशा राडारोड्यावर महापालिकेची भरारी पथकं लक्ष ठेवून असतात. विभाग कार्यालयात विचारून तो रीतसर उचलला जाईल अशी सोय करा. मिस्त्रीला काम देतानाच राडारोडा कुठे जाणार हे ठरवा आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे लिहून घ्या.